फोटो कसाही चालेल, तारीख हवी

(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर क्लबहाउसमध्ये झालेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखवलेले सर्व फोटो आपल्या सभासदांनी आणि त्यांच्या मुलांनी काढलेले होते.)



रौप्यमहोत्सवी समितीने मला सांगितलं, "तुम्ही पक्ष्यांवर अर्धा तास बोला." मी म्हटलं, "अहो, मी काही पक्षितज्ज्ञ नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई." त्यावर समितीतले एक जण म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सांगतोय. तज्ज्ञ आले की लॅटिन नावं घेतात आणि मग लोक चहाला उठतात." तेव्हा आज लॅटिन नाव एकही येणार नाही. चहा मात्र भाषण संपल्यावर आहे, हे लक्षात असू द्या.

आपल्या सोसायटीत पक्ष्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. काहींनी तो म्यूट केलेला आहे, हेही मला माहीत आहे. २०२० सालच्या त्या मार्च-एप्रिलमध्ये सगळे घरात बसलो, पाषाण रस्त्यावरची गाड्यांची घरघर थांबली आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की आपल्या आवारात दिवसभर कोणीतरी बोलत असतं. ए विंगमधून एका वहिनींनी गुलमोहराच्या शेंड्यावरचा एक हिरवा ठिपका फोटोत पकडला आणि विचारलं, "हा कोण? सकाळपासून टुक-टुक टुक-टुक करतोय." दहा मिनिटांत सात उत्तरं आली. कोणी पोपट म्हणालं, कोणी सुतारपक्षी. एका काकांनी तर पाण्याच्या पंपाचा आवाज असेल म्हणून वॉचमनला टाकीकडे पाठवलं. तो निघाला तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एका ठेक्यात आवाज काढतो, म्हणून तांबट. त्या दिवशी ग्रुप सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे.

आज मला त्या ग्रुपमधली गंमत तर सांगायचीच आहे, पण एक मागणंही मागायचं आहे. मागणं शेवटी. आधी वर्ष कसं फिरतं ते बघू.

आज जानेवारी, म्हणून इथूनच सुरुवात करू. आत्ता बाहेर पडाल तेव्हा पार्किंगमध्ये जिथे गाड्या धुतल्याचं पाणी साचतं तिथे बघा. शेपटी वर-खाली, वर-खाली आपटत चालणारा एक सडपातळ पक्षी दिसेल. हा धोबी, कोणी परीट म्हणतात. घाटावर कपडे आपटावेत तशी याची शेपटी चालते. हा हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेला पाहुणा आहे. नवरात्राच्या आगेमागे येतो आणि उन्हं तापली की जातो. कम्पाउंडच्या भिंतीवर एक काळा आणि पोटाला नारिंगी असा पक्षी बसतो, त्याची शेपूट सतत थरथरत असते, तो थिरथिरा. तोही उत्तरेकडचा. आणि गुलमोहरात, पिंपळात पानांच्या आड जो दिवसभर 'चिस्वी, चिस्वी' करत असतो आणि फोटोत कधीच धड येत नाही, तो वटवट्या. याचं वजन दहा ग्रॅमसुद्धा नाही. आपल्याकडे कुरिअरने दहा ग्रॅमचं पाकीट पुण्यातल्या पुण्यात पोचायला तीन दिवस लागतात. हा हजारो किलोमीटर उडत येतो, बिनपत्त्याचा, आणि झाड बरोबर शोधतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्या गेटाजवळचा पांगारा फुलतो. पान एक नाही आणि लाल फुलं सगळीकडे. मग त्याच्यावर भोरड्यांचा थवा उतरतो. डोकं काळं, अंग फिकं गुलाबी. यांना पळस मैनाही म्हणतात. यांचं माहेर मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या गवताळ प्रदेशात. तिथे त्या टोळ खातात, म्हणून तिथल्या शेतकऱ्याच्या मैत्रिणी. इथे हिवाळ्यात ज्वारीवर उतरतात, म्हणून आपल्या शेतकऱ्याच्या हातात गोफण. पक्षी तोच. आमच्या ग्रुपवर दरवर्षी पहिल्या भोरडीचा फोटो कोण टाकतं याची अघोषित शर्यत असते.

मार्च-एप्रिलमध्ये कोकीळ सुरू होतो. इथे एक खुलासा. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण 'कुहू' करणारा हा नर असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज 'किक-किक-किक' असा, त्याला गाणं म्हणणं कठीण. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. मागच्या पावसाळ्यात बी विंगच्या गच्चीवर एक कावळी आपल्यापेक्षा वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवत होती. सहावीतल्या एका मुलाने त्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'हिला अजून कळलं नाहीये.' त्या एका वाक्यात सगळं आलं.

मेच्या शेवटी, जूनच्या तोंडावर 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येतं. तो पावशा. शहरात पेरायचं काय, तर आपण कुंडीत मेथी पेरतो. त्याच सुमारास टेकडीकडच्या बाजूला एक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी दिसतो, तो चातक. पावसाचा थेंब चोचीत झेलणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. प्रत्यक्षात तो अळ्या-किडे खातो, आणि मोसमी वाऱ्यांच्या साथीने आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतो. म्हणजे थेंब झेलत नसला तरी पावसाची बातमी मात्र खरीच आणतो.

मग पावसाळाभर घरटी. जास्वंदीची दोन पानं शिवून त्यात घर करणारा शिंपी. टांगलेल्या कुंडीत अंडी घालणारा बुलबुल. पाषाण तलावाच्या बाजूला ढोकरी, म्हणजे तो मातकट बगळा. पावसाळ्याच्या सुमारास त्याची पाठ गर्द तांबूस होते. आणि आपले रोजचे गायबगळे डोकं-मान केशरी करून लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. गणपती गेले, पितृपक्ष आला की ज्या कावळ्यांकडे वर्षभर कोणी बघत नाही त्यांची गच्चीवर आर्जवं सुरू होतात. आणि नवरात्रात पुन्हा पार्किंगमध्ये धोबी. वर्ष पूर्ण.

हे सगळं आम्हाला पुस्तकातून कळलं नाही असं नाही. पुस्तकं बघितली, मर्लिन नावाचं ॲप फोनवर घेतलं, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. पण आपल्या आवाराचं वेळापत्रक कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते ग्रुपवरच्या फोटोंमधून तयार झालं. आणि इथे मी बँकेवर येते.

बँकेत चेकवर सही कितीही सुंदर असली तरी तारीख नसेल तर तो चेक आम्ही परत करायचो. पक्ष्याच्या फोटोचंही तसंच आहे. पिसं न् पिसं दिसणारा, मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी केलेला फोटो असेल, पण तो कधीचा, कुठला हे माहीत नसेल, तर तो फ्रेम करून भिंतीवर लावावा. आणि हललेला, अर्धा पक्षी कापला गेलेला फोटो असेल, पण खाली लिहिलेलं असेल '१२ ऑक्टोबर, सकाळी ७.१०, सी विंगची मागची बाजू', तर ती नोंद झाली. तिचा दहा वर्षांनीही उपयोग आहे.

एक उदाहरण देते. ग्रुपवर दोन सभासदांमध्ये, नावं घेत नाही, दोघेही इथेच बसलेत आणि दोघेही हसतायत, एका पक्ष्यावरून चांगली जुंपली होती. एकाने मार्चमध्ये चकचकीत निळा-जांभळा शिंजीर टिपला होता, त्याच जागी, त्याच जास्वंदीवर. दुसऱ्याचा फोटो पिवळट पोटाच्या पक्ष्याचा, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. दोघांचाही दावा, 'माझाच शिंजीर नर.' तारखा बघितल्या. दुसरा फोटो नोव्हेंबरचा. तेव्हा उलगडा झाला. जांभळा शिंजीर नर विणीचा हंगाम संपला की आपला झगमगीत पोशाख उतरवून ठेवतो, नुसती मधली काळी पट्टी उरते, आणि उन्हाळ्याआधी पुन्हा चमकायला लागतो. दोघेही बरोबर होते. तारीख नसती तर ते अजूनही भांडत असते.

म्हणून ग्रुपवर फोटो टाकताना तारीख, वेळ आणि विंग लिहा, हा आमचा एकमेव नियम. फॉरवर्ड होता होता फोटोच्या पोटातली मूळ तारीख गळून जाते, म्हणून ती हाताने लिहायची. बाकी कॅमेरा कुठलाही चालतो. फोन दुर्बिणीच्या एका भिंगाला टेकवून काढलेले फोटो आमच्याकडे भरपूर आहेत. प्रकाश आपल्या पाठीशी ठेवायचा. झूम करून करून फोटोचा चिखल करण्यापेक्षा पाच पावलं पुढे जाऊन थांबायचं. पक्षी अस्वस्थ झाला, तर पाच पावलं मागे यायचं. आणि फोटो आलाच नाही तर आवाज रेकॉर्ड करायचा. वटवट्यासाठी तर तोच मार्ग.

दोन-तीन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. घरट्याजवळ फ्लॅश मारायचा नाही. फांदी वाकवून, पानं बाजूला करून अंड्यांचा फोटो काढायचा नाही. आपण वाट मोकळी करून दिली की मागोमाग कावळा येतो. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला, आणि तो पिल्लं सोडून आपल्या फोनशी भांडत बसतो. घरट्याची नेमकी जागा ग्रुपवरही लिहायची नाही, पिल्लं उडून गेल्यावर सांगायची. आणि हे नुसतं शिष्टाचाराचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं.

आता या नोंदींचा सोसायटीला काय उपयोग, हे विचारणारे सभासद आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. मेंटेनन्स भरणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. म्हणून छाटणीचा विषय सांगते.

आपल्याकडे दरवर्षी मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होत असे. कारण योग्यच होतं. फांदी गाडीवर पडू नये, तारांवर पडू नये, माणसावर तर नकोच. एका वर्षी आलेल्या कंत्राटदाराच्या माणसांनी, उंचावरच्या फांद्या दोरीने न उतरवता, थेट खाली पाडल्या. त्यात एक वाळकी फांदी होती. तिच्यात तांबटाची ढोली होती आणि ढोलीत पिल्लं. ती संध्याकाळ ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. मुलं खोक्यात कापूस घालून बसली होती. सकाळपर्यंत एकही वाचलं नाही.

त्यानंतर ग्रुपवर दोन दिवस फक्त राग होता. तिसऱ्या दिवशी एका काकूंनी लिहिलं, "रागावून झालं असेल तर तारखा काढूया." आणि आम्ही बसलो. सगळे जुने फोटो महिन्यांप्रमाणे एका वहीत उतरवले. घरटं, पिल्लू, चोचीत काडी किंवा अळी, असं जे जे काही होतं ते. कावळ्यांची घरटी एप्रिल ते जून. तांबट फेब्रुवारीपासून मेपर्यंत. बुलबुल मार्चपासून थेट पावसाळ्यात. होला तर बाराही महिने, त्याला काही मुहूर्त लागत नाही. म्हणजे आपली छाटणी बरोबर ऐन गर्दीत येत होती. आणि मोकळे महिने दिसले ते डिसेंबर आणि जानेवारी. तेही पूर्ण मोकळे नाहीत, कारण मागच्या निलगिरीवर घारीचं घरटं हिवाळ्यातच असतं. पण एक झाड सोडणं सोपं, सगळी झाडं सोडणं अशक्य.

ती वही आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली. भाषण केलं नाही, निवेदन दिलं नाही, फक्त वही दिली. आणि कार्यकारिणीचं मी जाहीर कौतुक करते, त्यांनी ती पानं उलटून बघितली. तेव्हापासून मोठी छाटणी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊन हिवाळ्यात होते. मे महिन्यात फक्त खरोखर धोकादायक फांदी काढायची, आणि तीही आधी खालून दुर्बिणीने बघून. रस्त्यावर आलेली वाळकी फांदी काढतोच. पण बागेच्या मातीवर असलेला वाळका बुंधा, खाली कोणी बसत नाही असा, आखूड करून ठेवलाय. मागच्या मार्चमध्ये त्याच्या खालच्या अंगाला एक गोल भोक पडलं. हा फोटो बघा. त्यातून बाहेर आलेलं डोकं तांबटाचं आहे, कपाळावर लाल टिळा दिसतोय. फोटो अंधुक आहे. खाली तारीख आहे.

आता आपल्या पंचवीस वर्षांकडे येते. ग्रुप सुरू झाला २०२० मध्ये, सोसायटी त्याच्या कितीतरी आधीची. मग आधीच्या वर्षांचं काय? त्यासाठी मी आपल्या संस्थापक सभासदांकडे गेले. चहा घेतला, वही उघडली. त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी इथे झाड म्हणून नव्हतं, मुरूम आणि वाळूचे ढीग होते. बी विंगच्या अर्धवट पायाजवळ खडीत टिटवीने अंडी घातली होती आणि गवंड्यांनी भोवती विटा लावून तेवढी जागा सोडली होती. गवतात चंडोल होते. तारेवर खाटीक बसायचा. मीटरच्या खोलीत चिमण्यांनी इतकी घरटी केली होती की वायरमन कंटाळायचा.

आज यातली टिटवी फक्त रात्री वरून ओरडत जाते. चंडोल गेला, खाटीक गेला. ते उघड्या माळाचे पक्षी, माळ राहिला नाही. चिमण्या थोड्या उरल्यात. सरकत्या खिडक्या आणि बंद डबे असलेल्या इमारतीत भोकं नाहीत, त्यामुळे घरट्याला जागा नाही. लॉनवर औषध मारलं की पिल्लांना भरवायला अळ्या नाहीत. २०२०च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात देशभर मिळून चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर दिसली, पण मोठ्या शहरांत ती घटताना दिसली. आपण घटणाऱ्यांत आहोत. दुसरीकडे कबुतरं मात्र वाढली. एसीच्या मागची जागा आणि आयते दाणे मिळाले की त्यांना आणखी काही लागत नाही. त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांनी काही लोकांना फुप्फुसाचा आजार होतो, त्यामुळे आवारात धान्य टाकू नका ही कार्यकारिणीची सूचना मी पक्षिप्रेमी म्हणूनही मानते. धान्य टाकण्यापेक्षा पाणी ठेवा. उथळ भांड्यात आणि रोज धुऊन.

पण गेलं तसं आलंही. पहिल्या दहा-बारा वर्षांत लावलेली झाडं मोठी झाली, तसा झाडांवरचा पक्षी आला. तांबट आला, हळद्या आला, शिक्रा आला, आणि अलीकडच्या वर्षांत धनेश. ती मोठी वाकडी चोच, राखी अंग, आणि उडताना वाटतं विमान उतरतंय. म्हणजे सोसायटीचं वय कागदावर पंचवीस आहे, पण ते पक्ष्यांवरूनही ओळखता येतं. टिटवीच्या वयातून आपण धनेशाच्या वयात आलो.

हा धनेश येतो कुठे, ते सांगते आणि मग मागणं मांडते. तो येतो सी विंगच्या मागच्या कोपऱ्यातल्या उंबरावर. हा उंबर कोणी लावलेला नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं आणि भिंतीलगत तो आला. पहिली काही वर्षं आपण त्याला तण समजून दोनदा तोडला, तो दोनदा फुटला. आज त्याच्या खोडाला वर्षातून अनेकदा उंबरं लगडतात. आंबा वर्षातून एकदा येतो, उंबर असा हंगामाला बांधलेला नाही. म्हणून बाकी झाडं रिकामी असतात तेव्हाही तिथे खायला असतं. तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, धनेश, आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांची ती खाणावळ आहे. उन्हाळ्यात धनेशाची मादी कुठल्यातरी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते आणि आत अंडी उबवते. तेवढे दिवस नर तिला भरवतो. ती ढोली आपल्याकडे नाही, बहुधा टेकडीकडे कुठेतरी आहे. पण एप्रिल-मेमध्ये नर आपल्या उंबरावरून फळं गळ्यात भरून टेकडीच्या दिशेने उडताना दिसतो. लागोपाठ तीन वर्षांच्या नोंदी आहेत. म्हणजे एका घरातला स्वयंपाक आपल्या कोपऱ्यावर चालतो.

या कोपऱ्यात पार्किंग करायचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. उंबर काढून, जमीन सपाट करून, पेव्हर ब्लॉक घालून. मी त्या प्रस्तावाला हसणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका घरात एक स्कूटर होती, आज दोन गाड्या आहेत. माझ्या मुलाची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते आणि तिचा आरसा दोनदा फुटलाय. गरज खरी आहे. पण त्या कोपऱ्याचं मोजमाप आम्ही टेप घेऊन केलं. उंबर आणि त्याच्या भोवती दोन मीटर उघडी माती ठेवली तरी उरलेल्या जागेत गाड्या बसतात, फक्त दोन कमी. उघडी माती महत्त्वाची. खोडापर्यंत ब्लॉक घातले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि झाड न तोडताही हळूहळू मरू शकतं. त्या दोन गाड्यांसाठी पुढच्या गेटाजवळ जुनी, बंद पडलेली सायकल शेड आहे. तिचा नकाशा मी सेक्रेटरींकडे दिला आहे. जमत नसेल तर सभेत सांगा, पण तो बघून मग सांगा.

हे एक मागणं. दुसरं याहून सोपं आहे. पुढच्या महिन्यात, दरवर्षीप्रमाणे फेब्रुवारीत, चार दिवस जगभर एक पक्षिगणना होते. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात. भारतात ती २०१३पासून होते आहे. नाव मोठं आहे, काम छोटं. आपल्या बाल्कनीत किंवा बागेत किमान पंधरा मिनिटं उभं राहायचं, जे पक्षी दिसतील-ऐकू येतील ते मोजायचे आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. तुम्ही म्हणाल, पंधरा मिनिटांनी काय होतं? २०२३च्या अहवालात भारतातल्या ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, आणि तो घेतला गेला तीस हजारांहून अधिक हौशी लोकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून. त्यातले बहुतेक जण तुमच्या-माझ्यासारखेच, नोकरी-संसार सांभाळून बाल्कनीत उभे राहिलेले. आपल्या सालिम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. यंदा फेब्रुवारीत एकदा आणि नोव्हेंबरात एकदा, अशी सोसायटीची दोनदा गणती करूया.

आणि तिसरं मागणं घरातल्या ज्येष्ठांकडे. तुमच्याकडे जुने अल्बम आहेत. बारसं, मुंज, सोसायटीचा पहिला गणपती, कोजागरी. तुम्ही त्यात माणसं बघता. जरा मागे बघा. कुठलं झाड किती उंच होतं, तारेवर कोण बसलंय, भिंत होती की कुंपण. त्या फोटोंच्या मागे निळ्या शाईत तारीख लिहिलेली असते. मागच्या पिढीला ती सवय होती. ते फोटो आम्हाला फक्त मोबाइलवर टिपू द्या, मूळ तुमच्याकडेच राहतील. आमची वही २०२०पासूनची आहे. ती तुमच्या मदतीने सोसायटीच्या पायाभरणीपर्यंत मागे नेता येईल.

मुलांसाठी एवढंच, की ती वही आता लायब्ररीच्या कपाटात ठेवली आहे, कुलूप नाही. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, कारण पेन पक्ष्यांपेक्षा लवकर उडतात. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर 'माहीत नाही, शेपटी लांब' असं लिहा, मोठं कोणीतरी पूर्ण करील. चित्र काढलंत तर उत्तमच. पण वर, उजव्या कोपऱ्यात, शाळेच्या वहीत लिहिता तशी तारीख घाला.

चहा तयार झालेला दिसतोय. जाताना पार्किंगमधून जा. सकाळीच गाड्या धुतल्यात, धोबी तिथे असेल.